नौकेचें उत्तरकार्य

नव्या जहाजाचें जलावतरण हा नेहमींच समारंभाचा विषय असतो. नारळ फुटतो, ध्वज फडकतात, गोदीवर गर्दी लोटते आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचें सचित्र वर्णन येतें. परंतु तेंच जहाज वयानें थकलें, त्याचा बांधा खिळखिळा झाला, म्हणजे पुढें त्याचें काय होतें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. इतिहासकारहि जहाजांच्या जन्माच्या आणि लढायांच्या कथा रंगवून सांगतात. त्यांच्या मरणाची कथा मात्र बहुधा एका ओळींत आटोपतात. श्रोतेहो, आज ती उपेक्षित ओळ थोडी विस्तारानें वाचावी, असा माझा मानस आहे. कारण गेल्या ऐंशी वर्षांत माणसानें अशी एक नौका निर्माण केली आहे, कीं जिला जन्म आहे, तारुण्य आहे, वार्धक्यहि आहे, पण सहजासहजीं मरण नाहीं. ही नौका म्हणजे कांचेच्या तंतूंची आणि कृत्रिम राळेची. व्यवहारांत जिला आपण फायबरची होडी म्हणतो ती. तिच्या या दीर्घायुष्याचें ओझें जगांतील अनेक किनाऱ्यांना आतां जाणवूं लागलें आहे.

हें ओझें नवें कां, तें कळण्यासाठीं आधीं जुन्या जहाजांचें काय होत असे, तें पाहिलें पाहिजे. ‘टेमरेर’ या ९८ तोफांच्या ब्रिटिश युद्धनौकेनें १८०५ सालच्या ट्रॅफल्गारच्या लढाईंत मोठा पराक्रम गाजविला. १८३८ सालीं ती निकालांत निघाली आणि मोडीसाठीं टेम्स नदीवरील रॉदरहाइथ येथें ओढून नेण्यांत आली. टर्नर या चित्रकारानें त्या अंतिम यात्रेचें जें चित्र १८३९ सालीं प्रदर्शनांत मांडलें, तें पुढें जगप्रसिद्ध झालें. चित्र पाहणाऱ्याचें मन विषण्ण होतें. पण त्या प्रसंगाला एक व्यवहाराची बाजूहि होती, ती चित्रांत दिसत नाहीं. जॉन बीटसन नांवाच्या व्यापाऱ्यानें हें थकलेलें जहाज ५,५३० पौंड मोजून विकत घेतलें होतें. म्हणजे मेलेल्या जहाजासाठीं सरकारला पैसे द्यावे लागले नाहींत. उलट सरकारलाच पैसे मिळाले. त्या ओकाच्या तुळयांना, तांब्याच्या पत्र्यांना आणि खिळ्यांना बाजारांत गिऱ्हाईक होतें. रॉदरहाइथच्या सेंट मेरी चर्चमध्यें त्या लांकडाच्या खुर्च्या अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. पुढें १९२४ सालीं लंडनमध्यें लिबर्टी या दुकानाची जी प्रसिद्ध इमारत उभी राहिली, तिचेंहि लांकूड ‘हिंदुस्तान’ आणि ‘इंप्रेग्नेबल’ या दोन मोडीत काढलेल्या युद्धनौकांचें आहे.

आपल्या मुंबईच्या गोदीचा इतिहासहि हेंच सांगतो. वाडिया घराण्यांतील कुशल कारागिरांनीं मलबारी सागाचीं जीं जहाजें येथें बांधलीं, त्यांपैकीं १८१७ सालचें ‘त्रिंकोमाली’ आजहि इंग्लंडांतील हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. १८१३ सालच्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ सालीं नानकिंगच्या तहाच्या सह्या झाल्या, आणि जवळजवळ दीड शतक जगून तें १९५७ सालीं शीअरनेस येथें मोडण्यांत आलें. साग असो, ओक असो, कोंकणांतल्या एखाद्या खाडीकांठचा साधा मचवा असो, लांकडी नौकेचा शेवट तिच्या द्रव्यांतच लिहिलेला असे. तिच्या तुळयांतून घर उठे, फळ्यांतून पेटी होई, उरलेलें चुलींत जाई, आणि तेंहि कोणीं केलें नाहीं तर वाळवी, बुरशी व समुद्रांतील लांकूड पोखरणारे किडे आपलें काम करीत. १९४९ च्या डिसेंबरांत ब्रिटिश नौदलानें ‘इंप्लॅकेबल’ हें मूळचें फ्रेंच व ट्रॅफल्गारच्या काळचें जहाज दोन्ही राष्ट्रांचे ध्वज चढवून समारंभानें समुद्रांत बुडविलें. या निर्णयावर पुढें पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. परंतु समुद्राला त्या लांकडाचें अजीर्ण झालें नाहीं.

लोखंडाचें युग आलें, तरी हा नियम मोडला नाहीं. पोलाद गंजतें, आणि गंजण्यापूर्वीं भट्टींत घातलें तर पुन्हां पोलाद होतें. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रान्त’ १९६१ सालीं नौदलांत दाखल झाली, १९९७ सालीं निवृत्त झाली आणि २०१४ सालीं मुंबईच्या दारूखान्यांत मोडली गेली. तिच्या पोलादाचा कांहीं अंश २०१६ सालीं एका मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर बोधचिन्ह होऊन रस्त्यावर आला. जहाजें मोडण्याच्या या धंद्यांत मजुरांचे बळी जातात, किनारे तेलानें माखतात, हें खरें. तो एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. येथें लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच, कीं मोडीचें जहाज हें विकत घेण्याजोगें धन होतें. हजारों वर्षें चालत आलेला हा नियम विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रथमच मोडला.

तो मोडला तो एका अपघातानें लागलेल्या शोधामुळें. १९३२ च्या सुमारास अमेरिकेंतील ओहायो राज्यांत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक कांचेच्या विटा सांधण्याचा प्रयत्न करीत असतां, दाबलेल्या हवेचा झोत वितळलेल्या कांचेवर पडला आणि तिचे केसांहून बारीक तंतू उडाले. १९३८ सालीं या तंतूंच्या उत्पादनासाठीं एक स्वतंत्र कंपनीच स्थापन झाली. त्याच दशकांत रसायनशास्त्रज्ञांनीं अशी एक पातळ राळ सिद्ध केली होती, कीं जी थोड्याशा उत्प्रेरकानें आपोआप घट्ट होते. एकटी कांच ठिसूळ आणि एकटी राळहि ठिसूळ. परंतु कांचेचें कापड राळेंत भिजवून वाळविलें, म्हणजे पोलादाशीं स्पर्धा करणारा हलका पदार्थ हातीं येतो. मातींत गवत कालवून भिंत लिंपणाऱ्या आपल्या पूर्वजांना हें तत्त्व अपरिचित नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत विमानांवरील रडारच्या आच्छादनासाठीं या पदार्थाचा उपयोग झाला, आणि १९४२ सालीं ओहायोंतीलच टोलेडो गांवीं रे ग्रीन या कारागिरानें त्याची एक लहान शिडाची होडी तयार केली.

युद्ध संपलें आणि या होडीचें नशीब फळफळलें. लांकडी होडी म्हणजे सुताराच्या अनेक महिन्यांच्या मेहनतीचें फळ; येथें एकदां साचा तयार केला, कीं त्यांत रंगाचा थर द्यावा, त्यावर कांचेच्या चटया अंथराव्या, राळ चोपडावी आणि कांहीं दिवसांनीं तयार सांगाडा उचलून घ्यावा. एका साच्यांतून शेंकडों होड्या निघूं लागल्या. रोड आयलंड राज्यांतील ब्रिस्टल येथल्या क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलत भावांनीं १९५९ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनांत ‘ट्रायटन’ ही २८ फुटी शिडाची नौका मांडली, आणि पुढें तशा ७०० हून अधिक नौका तयार झाल्या. श्रीमंतांच्या गोतावळ्यांतलें नौकाविहाराचें सुख शाळामास्तराच्या आणि कारकुनाच्या आटोक्यांत आलें. ही होडी कुजत नाहीं, तिला कीड लागत नाहीं, दर वर्षीं तिच्या फटी बुजवाव्या लागत नाहींत, अशी तिची ख्याति झाली. आणि ती ख्याति खरीच होती.

नौदलांनाहि या पदार्थाची भुरळ पडली. समुद्रांत पेरलेले सुरुंग लोखंडाच्या चुंबकत्वानें पेटतात. तेव्हां ते काढणारी नौका बिनलोखंडी हवी. ब्रिटिश नौदलाची ‘विल्टन’ ही १९७३ सालीं सेवेंत आलेली सुरुंगशोधक नौका, ही या पदार्थाची जगांतील पहिली युद्धनौका समजली जाते. तिच्या निवृत्तीनंतर तिचें काय झालें, हें मोठें बोधप्रद आहे. ती वितळवितां येईना आणि विकूनहि फारसें कांहीं मिळण्याजोगें नव्हतें. अखेर इंग्लंडांतील ली-ऑन-सी येथील एका नौकामंडळानें ती घेतली आणि चिखलांत उभी करून तिचें आपलें सभागृह केलें. शत्रूचे सुरुंग शोधणाऱ्या नौकेंत आतां सभासद चहा घेत बसतात. जुनी नौका सत्कारणीं लावण्याचा हा उत्तम मार्ग खरा. परंतु प्रत्येक होडीला असें मंडळ कोठून मिळावें?

कारण होड्या थोड्याथोडक्या नाहींत. युरोपांतील विहारनौकांची संख्या साठ लाखांवर असल्याचें युरोपीय आयोगाच्या अहवालांत नमूद आहे. त्यांपैकीं सुमारें ८०,००० दर वर्षीं निकामी होतात आणि रीतसर मोडल्या जातात त्या केवळ २,००० च्या आसपास. बाकीच्या कोठें जातात? कांहीं घरामागच्या अंगणांत ताडपत्रीखालीं पडून राहतात. कांहीं नाममात्र किंमतीस दुसऱ्याच्या गळ्यांत मारल्या जातात. तो तिसऱ्याच्या गळ्यांत मारतो. आणि अशा रीतीनें होडीची जबाबदारी एका हातांतून दुसऱ्या हातांत जात जात, शेवटीं ज्याच्यापाशीं ती निस्तरण्यास सर्वांत कमी पैसा आहे, त्याच्या पदरीं येऊन पडते. तो एके रात्रीं खाडींत तिचा दोर सोडून देतो. त्याला दोष देणें सोपें आहे. परंतु सात मीटरची साधी होडी रीतसर मोडण्यास सुमारें ८०० युरो आणि दहाबारा मीटरच्या नौकेस सुमारें १,५०० युरो लागतात, असा त्याच आयोगाचा हिशेब आहे. ज्या वस्तूची बाजारांत किंमत शून्य, तिच्यावर एवढा खर्च कोणीं करावा? बीटसन ‘टेमरेर’साठीं पैसे मोजीत होता, येथें होडी नेणाऱ्यालाच पैसे मोजावे लागतात. दोन युगांतला फरक या एका व्यवहारांत सामावलेला आहे.

सोडून दिलेली ही होडी निरुपद्रवी असती, तर गोष्ट निराळी होती. ती उघड्यावर जाळली, तर राळेचा विषारी काळा धूर होतो आणि कांचतंतू हवेंत मिसळतात. ती पुरली, तर जमीन अडते आणि पदार्थ तसाच राहतो. आणि ती पाण्यांत सोडली, तर लाटा व वाळू तिला कुजवीत नाहींत, नुसती दळतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील चिचेस्टर बंदरांत झालेल्या आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, एक किलो कालवांमध्यें कांचतंतूंचे ११,२२० पर्यंत आणि एक किलो शिणाण्यांमध्यें २,७४० पर्यंत कण आढळले. म्हणजे ‘इंप्लॅकेबल’चें लांकूड समुद्रानें पचविलें; फायबरची होडी मात्र त्याच्या पोटांत दळलेल्या कांचेसारखी शिल्लक राहते, आणि पुढें कालवांच्या वाटेनें आपल्याच ताटांत येते.

अडचणीचें मूळ पदार्थाच्या स्वभावांत आहे. मेण तापविलें तर वितळतें आणि थंड झालें तर पुन्हां गोठतें. ही राळ तशी नव्हे. ती एकदां घट्ट झाली, कीं अंडें उकडल्यावर पुन्हां पातळ होत नाहीं, तशी कायमची घट्ट होते. म्हणून तिला वितळवून नवी होडी ओततां येत नाहीं. जो गुण विकत घेण्यासाठीं लोकांनीं प्रदर्शनांत रांगा लावल्या, तोच गुण शेवटीं आडवा आला.

मग मार्ग कोणता? आजवर सांपडलेला सर्वांत व्यवहार्य मार्ग मोठा अनपेक्षित आहे: होडीचें सिमेंट करणें. कांचतंतूंत मुख्यत्वें वाळूचें द्रव्य, चुना आणि ॲल्युमिना असतात. आणि सिमेंटच्या भट्टीला नेमकीं हींच द्रव्यें लागतात. होडीचे बारीक तुकडे करून ते सुमारें १,४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टींत घातले, तर राळ इंधन म्हणून जळते आणि कांच सिमेंटमध्यें विरून जाते. जपानांत नौकाउद्योगाच्या संघटनेनें २००५ सालापासून या पद्धतीची देशव्यापी व्यवस्था चालविली आहे. जर्मनींतील लेगर्डोर्फ येथील सिमेंटच्या कारखान्यांत पवनचक्क्यांचीं मोडकीं पातीं याच रीतीनें वापरलीं गेलीं. कारण तीं पातीं म्हणजे या होडीचींच भावंडें होत. आणि ज्या रोड आयलंडांत ‘ट्रायटन’चा जन्म झाला, त्याच राज्यांतील नौकाव्यावसायिकांच्या संघटनेनें अलीकडच्या वर्षांत जुन्या होड्या चिरडून सिमेंटच्या भट्टीकडे धाडण्याचा प्रयोग हातीं घेतला. हा मार्ग निर्दोष आहे असें नव्हे. राळ जळली कीं कर्बवायु होणारच, आणि बळकट तंतूंचें शेवटीं साधें सिमेंट होतें. तथापि वाळूंतून निघालेली कांच पुन्हां दगडाच्या कुळांत जाऊन मिळते, हें कांहीं थोडें नव्हे.

भट्टीपूर्वींचेंहि काम आहे, आणि तें होडीच्या मालकालाच करावें किंवा करवून घ्यावें लागतें. प्रथम इंधन, तेल आणि तळाशीं सांचलेलें घाण पाणी काढून घ्यावें. बॅटऱ्या वेगळ्या कराव्या. यंत्र, डोलकाठी, पितळी व पोलादी सामान उतरवावें. तळाला शिशाचें वजन असेल तर तें जपून सोडवावें, कारण त्याला चांगली किंमत येते आणि त्यांतून मोडणीचा कांहीं खर्च भागतो. जुन्या नौकांच्या तळाला शेवाळ व शंखशिंपले धरूं नयेत म्हणून जो कथिलयुक्त विषारी रंग देत, त्यावर २००८ सालीं अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराची बंदी आहे. तेव्हां तो रंग खरवडतांना त्याची भुकटी पाण्यांत जाऊं देऊं नये. सांगाडा कापतांना उडणारी धूळ फुप्फुसांत जाते, म्हणून तोंडावर योग्य मुखवटा हवा, आणि खरें म्हणजे हें काम जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावें. आणि या सर्वांच्या आधीं एक प्रश्न स्वतःला विचारावा: होडी खरोखर मेली आहे, कीं आपला तिच्यावरचा जीव उडाला आहे? साठ वर्षांपूर्वींच्या कित्येक ‘ट्रायटन’ दुरुस्त होऊन आजहि समुद्रांत फिरतात. ज्या वस्तूला मरण कठीण, तिला शक्य तितकें जगूं देणें हेंच तिचें पहिलें उत्तरकार्य होय.

आतां खर्चाचा प्रश्न. मोठ्या जहाजांच्या मोडणीसंबंधीं २००९ सालीं हाँगकाँग येथें झालेला आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ पासून अंमलांत आला. परंतु तो ५०० टनांखालच्या नौकांना लागू नाहीं. लहान होडी कायद्याच्या जाळ्यांतून मासोळीसारखी निसटते. या बाबतींत फ्रान्सनें घालून दिलेला धडा विचार करण्याजोगा आहे. तेथें २०१९ सालापासून, नवी होडी बाजारांत आणणाऱ्यानें तिच्या भावी मोडणीसाठीं वर्गणी भरावी लागते; नौकाधारकांकडून सरकार जो वार्षिक कर घेतें, त्याचाहि कांहीं अंश या निधींत जातो; आणि मालकानें आपली जुनी होडी मान्यताप्राप्त केंद्रापर्यंत स्वखर्चानें नेली, म्हणजे पुढची मोडणी त्याला विनामूल्य मिळते. नॉर्वेनें २०१७ सालीं दुसरी युक्ति काढली: जुनी होडी आणून देणाऱ्यालाच तेथें १,००० क्रोनर देऊं लागले. दोन्ही योजनांचें मर्म एकच. रात्रीं दोर सोडून देण्यापेक्षां दिवसाढवळ्या होडी आणून देणें माणसाला स्वस्त पडावें.

फ्रान्सच्या रीतीवर एक आक्षेप येतो, आणि तो अगदींच खोटा नाहीं. आज नवी होडी घेणाऱ्यानें १९६५ सालच्या होडीच्या मोडणीचा भार कां उचलावा? त्या काळच्या कारखानदारानें नफा घेतला, त्या काळच्या गिऱ्हाइकानें सुख घेतलें, आणि बिल मात्र नातवाच्या हातीं आलें. परंतु याला दुसरा उपाय दिसत नाहीं. कारण ते कारखाने बहुतेक बंद झाले आणि ते मालकहि गेले. नातवाला इतकेंच करतां येईल, कीं आजोबांचें ऋण फेडावें आणि पणतवासाठीं नवें ऋण ठेवूं नये.

हा सारा विचार आपल्याला परका नाहीं. कोंकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर लांकडी होड्यांच्या शेजारीं फायबरच्या होड्या केव्हांच येऊन उभ्या राहिल्या आहेत. चांगलें लांकूड महागलें, कुशल सुतार दुर्मिळ झाले आणि फायबरची होडी हलकी, तेव्हां मच्छीमारानें ती पत्करली यांत नवल नाहीं. गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदींत लांकूड व कांचतंतू यांच्या मिलाफानें बांधलेली ‘म्हादेई’ २००९ सालीं नौदलांत आली. तिच्यांतून प्रथम दिलीप दोंदे यांनीं २००९–१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि मग अभिलाष टोमी यांनीं २०१२–१३ मध्यें ती कोठेंहि न थांबतां केली. २०१७ सालीं आलेल्या ‘तारिणी’नें सहा महिला अधिकाऱ्यांना जगाभोंवतीं फिरवून आणलें. या पदार्थानें आपल्याला अभिमान वाटावा अशा गोष्टी दिल्या आहेत, आणि गरीब कोळ्याला रोजची भाकरीहि दिली आहे. म्हणूनच त्याला शिव्या देऊन भागणार नाहीं. दुसऱ्या देशांना साठ वर्षांनीं जें सुचलें, तें आपल्याला लौकर सुचावें, एवढीच अपेक्षा आहे. बंदरोबंदरीं जुन्या होड्या स्वीकारण्याची सोय, सिमेंटच्या कारखान्यांशीं करार, आणि होडीच्या किंमतींतच तिच्या मोडणीचा अंश: या तीन गोष्टींची तरतूद होड्या नव्या आहेत तोंवरच करणें सोपें जाईल. मात्र तो भार एकट्या कोळ्याच्या माथीं पडतां कामा नये. कारण खाडी स्वच्छ राहिली तर त्याचा लाभ मासळी खाणाऱ्या प्रत्येक घराला होणार आहे.

आपल्या पूर्वजांचे सुतार आपल्याहून अधिक सदाचारी होते असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांना जहाजाच्या मरणाचा विचार करावा लागला नाहीं, कारण लांकूड तो विचार त्यांच्या वतीनें करीत असे. आपण निवडलेला पदार्थ तसा विचार करीत नाहीं. तेव्हां तो आपणच केला पाहिजे, आणि तो होडी मोडतांना नव्हे, तर ती बांधतांना.